नाताळच्या चीज बोर्डसाठी, पहिल्यांदाच करतोयस म्हणून

अरे, चीज बोर्ड म्हणजे चीज, मांसाचे काप आणि फळं मांडलेलं ताट. चीजचे दहा प्रकार आणू नकोस, ब्री, गौडा आणि जुनं चेडर पुरे, माणशी 50-60 ग्रॅम चीज धर, सलामी-हॅम हे मांसाचे तयार कापही तेवढेच. चीज अर्धा-पाऊण तास आधी फ्रीजबाहेर काढ, गार असलं की चवच लागत नाही, मांस मात्र अगदी शेवटी काढायचं आणि दोन तासांवर बाहेर ठेवायचं नाही. सलामी सपाट पसरू नकोस, काप दोनदा दुमडून एकमेकांना टेकवून उभे कर, ताट कसं भरलेलं दिसतं बघ! नाशिककडच्या बागलाणातली लवकरची द्राक्षं मिळाली तर सोनंच, पण धुऊन पूर्ण कोरडी कर, नाहीतर पाणी चीजखाली जाऊन सगळं चिकट होतं, आणि घडाचे कात्रीने छोटे झुबके कर. मनुका, अक्रोड, थोडा मध. शाकाहारी मंडळींचं ताट आणि सुरी वेगळीच ठेव, त्यांच्या चीजच्या पाकिटावर हिरवा ठिपका बघूनच घे.