नातीचं नाव आगळंवेगळं ठेवलं तर चालतं का?

प्रश्न : नातीचं बारसं आलंय, मुलगा-सुनेला कुठंच न ऐकलेलं नाव हवंय आणि घरातले म्हणतायत असलं नाव सरकार लावूनच घेणार नाही. बाहेरच्या देशात म्हणे नावावर बंदी असते, खरंय का? – एक आजी, विश्रामबाग, सांगली

उत्तर : आजी, काही देशांत खरंच असते. आइसलँडमध्ये १९९१ पासून नावांची कमिटीच आहे, यादीत नसलेलं नाव ठेवायचं तर तिच्याकडं अर्ज करायचा आणि ते नाव त्यांच्या व्याकरणात बसलंच पाहिजे. न्यूझीलंडमध्ये किंग, जस्टिस असली पदवीवाली नावं सहसा नाकारतात. जपानमध्ये लिहिलेलं एक आणि वाचायचं भलतंच अशी नावं इतकी वाढली की मे २०२५ पासून उच्चारही नोंदवायला लागतो.

आपल्याकडं अशी यादीबिदी नाही, बिनधास्त ठेवा. जन्माची नोंद मात्र २१ दिवसांत करा, नाव नंतर वर्षाच्या आत फुकट घालता येतं.

आणि वाईट नाव म्हणाल तर ते आपल्या शेजारी साताऱ्यातच होतं हो, मुलगा हवा होता म्हणून पोरींना नकुशा, नकोशी म्हणायचे, २०११ मध्ये तिथं अशा २८५ मुलींची नावं समारंभ करून बदलली, मला ते आठवलं की अजून कसंतरी होतं. तुमच्या घरी पोरीच्या नावासाठी सगळे एवढा विचार करतायत हे किती छान आहे! फक्त इंग्लिश स्पेलिंग आधीच ठरवा, दाखल्यावर एक आणि आधारवर दुसरं झालं की पुढं फार पळापळ होते.