प्रश्नावली वाटण्याआधी

कॅन्सरमधून बरे झालेले आणि विद्यार्थी, दोघांना तुझ्या अभ्यासासाठी नैराश्याची एकच प्रश्नावली द्यायची म्हणतोस, तर आधी ती स्वतः भरून बघ. पीएचक्यू-९ या नैराश्य मोजणाऱ्या नऊ प्रश्नांच्या प्रश्नावलीत थकवा, झोप, भूक यांचे प्रश्न आहेत. केमोथेरपी संपून कितीतरी महिने झाले तरी थकवा टिकू शकतो. त्याने गुण वाढले म्हणजे नैराश्य आलंच असं नाही. १९८३ साली आलेली एचएडीएस ही चिंता आणि नैराश्य मोजणारी १४ प्रश्नांची मोजपट्टी अशा शारीरिक तक्रारी मुद्दाम टाळते, म्हणून मला ती बरी वाटते. (ती फुकट नाही, परवाना लागतो.) आजार उलटण्याची भीती मात्र वेगळी विचारावी लागते. फेरतपासणी जवळ आली की ती उसळते, तेव्हा उत्तरं कधी घेतली ते लिहून ठेव. विद्यार्थ्यांचं परीक्षेच्या तोंडावर तसंच.

आणि पीएचक्यू-९ चा नववा प्रश्न! तो जीव नकोसा वाटण्याबद्दल आहे. कुणी शून्याहून (म्हणजे ‘अजिबात नाही’हून) वेगळं उत्तर दिलं तर त्याच दिवशी कोण बोलणार, कुठे पाठवणार, हे नैतिकता समितीकडे अर्ज करण्याआधीच ठरव. नावं घेणार नसशील, तर निदान मदतीचा फोन नंबर फॉर्मवरच छाप. महिनाभराने एक्सेलमध्ये ते उत्तर दिसून काय उपयोग?