कुत्रा आणि मांजराचे पिल्लू : खेळ की पाठलाग?

ताई, आपल्याकडे तीन वर्षांचा कुत्रा आहे, आठवड्यापूर्वी अडीच महिन्यांचे मांजराचे पिल्लू आणले आहे आणि दोघे घरभर एकमेकांमागे धावतात, तेव्हा तो खेळ आहे की कुत्रा त्याच्या मागे लागला आहे हे कळत नाही, असे आपण विचारले आहे. बडोद्यात दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या घरी गेली वीस वर्षे कुत्री आणि मांजरे एकत्र नांदत आली आहेत, त्या अनुभवावरून लिहितो.

धावण्याकडे पाहू नका, धावणे थांबते तिथे पाहा. शिकारीत आणि खेळात पळणे जवळजवळ सारखेच असते. फरक दिसतो तो मधल्या क्षणभराच्या विश्रांतीत. खेळणारा कुत्रा पुढचे पाय कोपरापर्यंत जमिनीला टेकवतो, मागचा भाग उंच ठेवतो आणि तोंड सैल उघडे ठेवून समोरच्याकडे पाहतो. अमेरिकेतील प्राणिवर्तनाचे अभ्यासक मार्क बेकॉफ यांनी कुत्रे, तसेच लांडगे आणि कायोटी (उत्तर अमेरिकेतला लांडग्यासारखा लहान प्राणी) यांची पिल्ले यांच्या खेळाचे निरीक्षण करून 1995 मध्ये असे दाखवले, की हे वाकणे केवळ सुरुवातीचे आमंत्रण नसते. चावा घेऊन मान जोरात झटकणे ही भक्ष्य मारण्याची कृती आहे. खेळात ती करण्याच्या अगदी आधी किंवा लगेच नंतर हे वाकणे विशेष आढळते. म्हणजे ज्या कृतीचा गैरसमज होऊ शकतो, तिच्या लगतच कुत्रा सांगतो की हा खेळच आहे. मला हे फार विलक्षण वाटते.

अडचण अशी की मांजराची बोली निराळी आहे. कुत्र्याची सैल हलणारी शेपटी बहुधा आनंदाची असते, तर मांजर शेपटी आपटू लागले की ते वैतागलेले असते. पाठीवर लोळणारे पिल्लू खेळायला बोलावत असेल किंवा चारी पंजे मोकळे करून बचावाला सज्ज झाले असेल. नखे आत आहेत की बाहेर, यावरून ते ओळखावे. तरीही ही भाषा शिकता येते. तेल अवीव विद्यापीठातील संशोधकांनी 2008 मध्ये एकाच घरात राहणाऱ्या कुत्र्या-मांजरांचा अभ्यास केला. त्यांना बहुतेक जोड्या एकमेकांचे इशारे बरोबर ओळखताना दिसल्या. नाकाला नाक लावण्याची मांजरांची अभिवादनाची पद्धत कुत्र्यांनीही उचललेली होती. मांजर सहा महिन्यांच्या आत आणि कुत्रा एक वर्षाच्या आत घरी आला असेल तर जुळणे सोपे जाते, असेही त्यांना आढळले. आपले पिल्लू त्या वयात आहे. कुत्रा मोठा असल्यामुळे त्याला थोडा अधिक वेळ द्यावा लागेल.

एरवी इथल्या कामाठीबागेत शिक्रा हा शिकारी पक्षी आला की खारीची चिकचिक ऐकून सातभाई पक्षी सावध होतात, हाही दोन जातींमधला संवादच आहे; पण तिथे खारीने त्यांना उद्देशून काही सांगितलेले नसते. खेळात मात्र पुन्हापुन्हा विचारावे लागते आणि समोरच्याने होकार द्यावा लागतो. म्हणून आकाराने लहान असलेल्याचे मत आधी पाहावे. कुत्रा तोंड मिटून, अंग ताठ करून, नजर न हलवता दबकत पुढे जात असेल, तर शेपटीकडे न पाहता त्याला तत्काळ आवरा. पिल्लाचे कान मागे चिकटले असतील किंवा शेपटी फुगली असेल, तरीही थांबवा. ही खूण मी एकदा दुर्लक्षिली होती. "खेळताहेत, खेळू द्या" म्हणत मी बसून राहिलो आणि आमचे पिल्लू कपाटामागे शिरले, ते दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत दुधालाही बाहेर आले नाही. दोष कुत्र्याचा नव्हता, माझा होता.

तेव्हापासून मी एकच चाचणी करतो, आपणही करून पाहा. दोघांची धावपळ ऐन रंगात असताना कुत्र्याचा पट्टा धरून त्याला शांत बसवा आणि पिल्लाला मोकळे सोडा. ते पलंगाखाली गेले तर त्या दिवशी खेळ बंद करा आणि दोघांना वेगळ्या खोल्यांत ठेवा. पिल्लाला चढायला उंच फळी असू द्या. कपाटामागे दडलेल्या त्याच पिल्लाने साधारण तीन आठवड्यांनी, मी कुत्र्याला धरून बसलो असताना, दाराआडून तिरके तिरके उड्या मारत येऊन त्याच्या नाकावर नखे आत ठेवून पंजा मारला आणि तिथेच उभे राहून त्याच्याकडे पाहत राहिले. मग मी पट्टा सोडला.