सकाळी पोट दुखतं, दुपारी ठणठणीत

“रोज सकाळी मुलीचं पोट दुखतं. शाळेची व्हॅन निघून गेली की तासाभरात ती ठणठणीत. हे नाटक आहे का? ओढून न्यायचं की घरी राहू द्यायचं?” नववी-दहावीतल्या मुलांचे आईवडील हा प्रश्न घेऊन माझ्याकडे समुपदेशनाला येतात, तेव्हा बहुतेकदा त्या दोघांचं त्यावरून आधीच वाजलेलं असतं. एकाचं म्हणणं, लाडाने बिघडली. दुसऱ्याचं म्हणणं, डॉक्टरांना काहीतरी सापडत नाहीये.

सईच्या घरी (नाव आणि ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत) हेच चाललं होतं. नववी, सेमी इंग्रजी, आठवीपर्यंत वर्गात पहिल्या पाचांत. दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा उघडली आणि पहिल्याच सोमवारी तिला मळमळायला लागलं. आई म्हणाली, “राहू दे आजच्या दिवस.” डिसेंबरपर्यंत आठवड्यातून जेमतेम एखादा दिवस शाळा होऊ लागली. माझ्याकडे आल्या तेव्हा आईच्या पिशवीत जाडजूड फाईल होती. रक्त, लघवी, सोनोग्राफी, सगळं नॉर्मल. आजीने दृष्ट काढून झाली होती. बाबांनी एकदा हात उगारला होता आणि त्याचं त्यांनाच वाईट वाटत होतं. “आम्ही पाच-पाच किलोमीटर चालत जायचो हो शाळेत,” ते म्हणाले. हे वाक्य इतके बाबा ऐकवतात की मी आता नुसती मान हलवते.

तर, नाटक नाही. भीती वाटली की शरीर पळायच्या तयारीला लागतं. अ‍ॅड्रेनलिन वाढतं, छाती धडधडते, रक्त पोटाकडून हातापायांच्या स्नायूंकडे वळतं, पचन मंदावतं. मग पोटात गोळा येतो, मळमळतं, सारखं संडासला जावंसं वाटतं. सोनोग्राफीत हे दिसणार नाही, कारण अवयव धडधाकट असतात. व्हॅन गेली की शरीराच्या लेखी धोका टळला, म्हणून दुखणं थांबतं. रविवारी आणि मे महिन्यात ते येत नाही, तेही त्यामुळेच. दप्तर घेऊन निघायचं आणि बाहेर भटकायचं, अशी शाळा बुडवणारी मुलं वेगळी. ती घरच्यांपासून लपवतात. सईसारखी मुलं घरातच असतात, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर, आणि बुडालेल्या अभ्यासाने स्वतःच हवालदिल झालेली असतात.

पण दुखणं खरं आहे म्हणून सुट्टी हे त्यावरचं औषध ठरत नाही. घरी राहिल्यावर जी सुटका वाटते, तीच मेंदूला शिकवते की शाळा खरोखर धोक्याची होती, बरं झालं गेलो नाही. दुसऱ्या दिवशी भीती चढ्या दराने येते. शिवाय वह्या अपुऱ्या राहतात, चाचणी हुकते, आणि वर्गात शिरताच “कुठे होतीस गं इतके दिवस?” हा प्रश्न उभा असतो. कित्येक मुलांना मूळ कारणापेक्षा या प्रश्नाचीच धास्ती जास्त असते.

सईचं मूळ कारण काय, याबद्दल घरात एकमत होतं. गणित. पहिल्या सत्रात मार्क घसरले होते, म्हणून बाबांनी घाईघाईने गणिताची शिकवणीही लावली होती. “शाळेत काय होतं?” असं मी या मुलांना विचारत नाही, “काही नाही” एवढंच उत्तर मिळतं. मी तिला कोरा कागद दिला आणि शाळेचं वेळापत्रक लिहून प्रत्येक तासापुढे शून्य ते दहापैकी आकडा टाकायला सांगितलं. नुसतं नाव घेतल्यावर पोटात किती गोळा येतो, तेवढा आकडा. चित्रकलेला एक मिळाला, इंग्रजीला चार, गणिताला सहा. मधल्या सुट्टीपुढे दहा होते, पेनाने दोनदा गिरवलेले.

“तासाला कुठे बसायचं ते ठरलेलं असतं, मॅडम,” ती म्हणाली. “मधल्या सुट्टीत नसतं.”

मग बाकीचं हळूहळू बाहेर आलं. नववीत मार्कांप्रमाणे तुकड्या पाडल्या गेल्या. ती ‘अ’मध्ये, तिच्या दोन्ही जिवलग मैत्रिणी ‘ब’मध्ये. ‘अ’मधले डबा खाणारे गट आधीच जमलेले. काही दिवस ती कुणाच्या तरी कडेला टेकून बसली, मग पाण्याच्या नळापाशी रेंगाळू लागली, मग डबा उघडेनाशीच झाली. कुणी चिडवलं नव्हतं, कुणी छळलं नव्हतं. त्यामुळे तक्रार तरी कुणाची करणार? डबा तसाच परत येतो हे आईला जूनपासून माहीत होतं. भाजी आवडत नसेल असं समजून तिने भाज्या बदलून पाहिल्या होत्या.

गणिताची शिकवणी त्याच आठवड्यात बंद केली. तुकड्या मार्कांवर पाडण्याच्या या पद्धतीबद्दल माझं मत फार कडू आहे, ते इथे नको.

वर्गशिक्षिकांना आम्ही भेटलो. बाई समजूतदार निघाल्या, आणि हे दरवेळी होतंच असं नाही. सगळ्यात सोपं ते आधी, असा क्रम सईनेच लावला. शाळा सुटल्यावर बाबांबरोबर फाटकापर्यंत. मग रिकाम्या वर्गात आपल्या बाकावर दहा मिनिटं. मग शेवटचे दोन तास. मग मधल्या सुट्टीनंतरची अख्खी शाळा. मधली सुट्टी सगळ्यात शेवटी, आणि तीही आधी ग्रंथालयात: पुस्तकांवर नंबर चिकटवायचं काम, सोबतीला तिच्याच वर्गातली एक मुलगी. हातात काम असलं की बोलणं आपोआप सुरू होतं. एकच अट होती, भीती ऐन शिगेला असताना उठून यायचं नाही. थांबलं की ती आपोआप उतरते, आणि ती उतरताना स्वतः अनुभवणं हाच खरा उपचार. नुसत्या “काही होत नाही गं” म्हणण्याने ते साधत नाही.

“कुठे होतीस?”चं उत्तर आम्ही पाठ केलं. “बरं नव्हतं. आता ठीक आहे. विज्ञानाची वही देतेस का?” तिसरं वाक्य महत्त्वाचं, कारण ते आलं की समोरची मुलगी वहीबद्दल बोलायला लागते. आगाऊ वर्गमैत्रिणीची भूमिका मी अगदी मन लावून केली. सई पहिल्यांदा हसली ती तेव्हा.

घरचे नियम आईला जास्त जड गेले. सकाळी उठल्या उठल्या “पोट दुखतंय का?” असं विचारायचं नाही. ताप असेल किंवा उलटी झाली तर घरी, एरवी ठरलेल्या वेळेला युनिफॉर्म घालून बाहेर. घरी राहिलीच, तर शाळा सुटेपर्यंत मोबाइल नाही, टीव्ही नाही. शिक्षा म्हणून नव्हे, घर शाळेपेक्षा मजेचं होऊ नये म्हणून. आणि सोडायला बाबांनी जायचं. फाटकाशी आईच्याच डोळ्यांत पाणी यायचं आणि ते बघून सईचा पाय मागे यायचा.

जानेवारीत गाडं पुन्हा अडलं. संक्रांतीच्या सुमारास ती सलग काही दिवस गेली नाही आणि बाबा वैतागून म्हणाले, “१७ नंबरचा फॉर्म भरून घरूनच दहावी करू दे ना!” राज्य मंडळाची दहावी खाजगीरीत्या देता येते हे खरं, शाळेतून बसायचं तर ७५ टक्के हजेरीचा नियम आहे, त्याचीही त्यांना काळजी होती. दीर्घ आजार असेल, शाळा कायमची सुटली असेल, तर तो फॉर्म मोठा आधार असतो. सईच्या बाबतीत मात्र मी ठाम नको म्हटलं. दहावी झाली असती, पण चार अनोळखी मुलींत डबा उघडायची भीती तशीच अकरावीच्या कॉलेजात गेली असती. आम्ही एक पायरी खाली उतरून पुन्हा शेवटच्या दोन तासांपासून सुरुवात केली. या वेळी पुढे जायला कमी दिवस लागले.

प्रत्येक मुलाला हाच क्रम चालत नाही. शाळेत खरोखरच कुणी मारत असेल, छळत असेल, नको तिथे हात लावत असेल, तर आधी तो प्रकार थांबवायचा. मुलाला धीट करून त्याच जागी पाठवणं हा अन्याय आहे. वाचन-लेखनाची अडचण असेल तर तिची तपासणी लागते. झोप, भूक उडाली असेल, आवडीच्या गोष्टीही नकोशा झाल्या असतील किंवा जगण्याला कंटाळल्याची भाषा असेल, तर समुपदेशकाकडे थांबू नका, मानसोपचारतज्ज्ञांना गाठा. काही मुलांना काही काळ औषधं लागतात आणि त्यांचा फायदाही होतो. जवळपास कुणी नसेल तर केंद्र सरकारची ‘टेलि-मानस’ ही मोफत सेवा आहे, १४४१६ वर फोन करायचा. आणि सुरुवातीची तपासणी बालरोगतज्ज्ञांकडे कराच, फक्त एकदा सगळं नॉर्मल आल्यावर पुन्हा सोनोग्राफी नको. शाळा बुडायला लागून एखाद-दोन आठवडे झाले असतील तेव्हाच आलात, तर काम खूप सोपं जातं.

सईने वार्षिक परीक्षेचे सगळे पेपर दिले. मधल्या सुट्टीचा आकडा आता चारवर आहे. गणिताचा मात्र सहाच. हा त्रास मोठ्या सुट्टीनंतर आणि परीक्षेच्या तोंडावर उलटतो, म्हणून जूनमध्ये शाळा उघडायच्या आधी आणि दहावीच्या सराव परीक्षेआधी एकेकदा येऊन जा, असं मी तिच्या बाबांना सांगून ठेवलंय.