बँडचं नाव बदलताय ना, मग हे वाच

अगं, तुझा व्हॉइस मेसेज नीट ऐकला. म्हणजे तुमच्याच नावाचा बँड बंगळुरूत आधीपासून आहे, त्यांची गाणी स्पॉटिफायवर आहेत, फेस्टचं पोस्टर या आठवड्यात छापायला जाणार, आणि ज्याने ते नाव काढलं होतं तो तुमचा गिटारिस्ट ग्रुपवर उत्तरच देत नाहीये. आधी त्याला फोन कर. मेसेज नको, फोनच. नाव त्याचं होतं, ते जाणार म्हटल्यावर त्याला लागणारच, आणि खाली मी जे काही लिहिलंय ना, त्या सगळ्याच्या आधी हे व्हायला हवं.

आता नावाचं. बदला, आणि लगेच बदला, कारण तुमचं एकही गाणं अजून बाहेर आलेलं नाही. एकाच नावाचे दोन बँड असले की गाणी एकमेकांच्या प्रोफाइलवर जाऊन बसतात, मग डिस्ट्रिब्युटरला, म्हणजे तुमची गाणी स्पॉटिफायवर चढवणाऱ्या कंपनीला, मेल टाका, वाट बघा, तोवर तुमचं गाणं त्यांच्या फोटोखाली वाजत राहणार. शिवाय ते आधीपासून या नावाने वाजवतायत, आणि वाद झालाच तर आपल्याकडे कायदाही आधी वापरणाऱ्याला मान देतो. त्यांनी ते नाव मेहनतीने वाढवलंय, त्यांना ते राहू दे.

यात कमीपणा वगैरे काही नाही गं. आपल्या मुंबईचेच रॉक मशीनवाले बघ, १९८४ पासून वाजवत होते, रंगभवनचं खुलं थिएटर गाजवलेलं, दोन अल्बम निघालेले, आणि तरी १९९३ मध्ये त्यांनी नाव बदलून इंडस क्रीड केलं. एवढं कमावलेलं नाव सोडायला केवढी हिंमत लागली असेल! ब्रिटनचे पिंक फ्लॉइडवाले सुरुवातीला टी सेट नावाने वाजवायचे, एका कार्यक्रमाला त्याच नावाचा दुसरा बँड निघाला, म्हणून त्यांच्या गायक-गिटारिस्ट सिड बॅरेटने पिंक अँडरसन आणि फ्लॉइड काउन्सिल या दोन ब्लूजवाल्यांची पहिली नावं जोडून टाकली. म्हणजे तुमच्यावर आलेली वेळ त्यांच्यावरही आली होती.

नवीन नाव ठरवताना प्लीज व्होटिंग घेऊ नका, ग्रुपवर पोल तर अजिबात नको. पोलमध्ये जिंकतं ते कुणालाच फारसं न आवडलेलं, कुणालाच न खटकलेलं नाव, आणि अशा नावाने स्टेजवर जाताना अंगात काही येत नाही. त्यापेक्षा सगळे एकत्र बसा, नावं कागदावर लिहा, आणि प्रत्येकाला एका नावाला नकार द्यायचा हक्क द्या, कारण न सांगता वापरायचा. उरलेल्यांतलं ज्याच्याबद्दल कुणीतरी एक जण मनापासून भांडेल ते घ्या.

आम्ही परळला सुरू केलं तेव्हा सगळ्यांच्या नावांची पहिली अक्षरं जोडून बँडचं नाव केलं होतं, आणि आम्हाला ते प्रचंड आवडायचं. मग ड्रमरला हैदराबादला नोकरी लागली, तो गेला, त्याचं अक्षर राहिलं, आणि नवीन ड्रमर आला त्याला प्रत्येक साउंडचेकला कुणीतरी विचारायचं की यातलं तुझं अक्षर कुठलं. तो काही बोलायचा नाही, पण कळायचं. मग आम्ही रिहर्सल ज्या चाळीतल्या खोलीत करायचो त्या चाळीचं नाव घेतलं, चाळीतल्या लोकांना विचारून. ते कुणा एकाचं नव्हतं म्हणून टिकलं, नंतर माणसं आली गेली, चाळही रिडेव्हलपमेंटमध्ये गेली, तरी आजही त्याच नावाने वाजवतो. तुम्हीही तसलंच काहीतरी शोधा, जे पाचही जणांचं आहे आणि सहावा आला तर त्याचंही होईल.

मग ते कानावर तपासा. चालत्या लोकलमधून आईला किंवा मावशीला फोन लाव, नाव एकदाच सांग आणि म्हण टाईप करून पाठव. गणपतीच्या मंडपात निवेदक ज्या माइकवरून तुमचं नाव घेणार आहे त्याची अवस्था यापेक्षा चांगली नसते. मराठी नाव असेल तर अजून एक बघायचं, लोक ते इंग्रजी अक्षरांत कसं कसं लिहितात. ‘वादळ’सारखा सोपा शब्दही कुणी व्हीने लिहितं, कुणी डब्ल्यूने, कुणी एक ए, कुणी दोन, आणि सर्च करणारा भलतीकडे जातो. म्हणून मराठी नको असं मी म्हणणार नाही, उलट मला मराठीच आवडेल, फक्त एक स्पेलिंग ठरवा आणि सगळीकडे तेच ठेवा. आणि तुमच्यातल्या कुणीतरी शिवाजी महाराजांचं नाव सुचवलंय म्हणालीस, भावना मला कळते, पण धंद्यासाठी किंवा ट्रेडमार्कसाठी ते वापरायला चिन्हं आणि नावांचा गैरवापर रोखणारा १९५० चा कायदा आडवा येतो, म्हणून ते नको.

आता जे कुणी बोलत नाही ते. नाव कुणाचं? आत्ता तुम्ही जीवाला जीव देणारे आहात, म्हणूनच आत्ता ठरवा. रॉजर वॉटर्स १९८५ मध्ये पिंक फ्लॉइडमधून बाहेर पडला आणि हे नाव आता कुणीच वापरायचं नाही म्हणून कोर्टात गेला, बँडमधले उरलेले गिल्मोर आणि मेसन म्हणाले आम्ही वापरणार, १९८७ च्या शेवटी समझोता झाला आणि नाव त्या दोघांकडे राहिलं. ब्रिटनच्या शुगाबेब्सचं तर मला ऐकूनच वाईट वाटलं होतं, १९९८ मध्ये तीन मुलींनी सुरू केलेला ग्रुप, एकेक करत तिघी बाहेर, नाव मात्र दुसऱ्यांबरोबर चालूच, आणि तिघी पुन्हा एकत्र आल्या तेव्हा आपापल्या नावांनी गावं लागलं, जुनं नाव परत मिळायला २०१९ उजाडलं. तुमच्यात कोर्टकचेरी होणार नाही, पण मैत्री तुटेल, आणि मला त्याची जास्त भीती वाटते. म्हणून एक पान लिहा, साध्या मराठीत: जो सोडून जाईल त्याने नाव बँडकडे ठेवायचं, किती जण उरले तर नाव चालू ठेवायचं, सगळेच पांगले तर ते कुणीच वापरायचं नाही, आणि जीमेल-इन्स्टाचे पासवर्ड कमीत कमी दोघांकडे. पाचही जणांनी सही करायची, प्रत्येकाने फोटो काढून ठेवायचा.

बाकी कामं पटापट होतील. फेस्टवाल्यांना आजच मेल टाक की लाइनअपमधलं नाव बदलतंय, जुनं छापू नका, आणि नवीन कधी देणार ती तारीख त्यांनाच विचार. इन्स्टाचं अकाउंट डिलीट करू नका, त्याच अकाउंटचं युजरनेम बदला, फॉलोअर राहतात, आणि काही महिने बायोमध्ये जुनं नाव लिहून ठेवा. नाव फायनल करण्याआधी ट्रेडमार्कच्या सरकारी साइटवर क्लास ४१ मध्ये शोधून बघा, करमणुकीच्या सेवा त्यात येतात, शोधायला पैसे लागत नाहीत. रजिस्टर करायचं असेल तर एका व्यक्तीच्या नावाने ऑनलाइन अर्जाला एका क्लासचे ४,५०० रुपये लागतात आणि ते १० वर्षं चालतं, पण त्याची घाई नको, गिगचे, म्हणजे कार्यक्रमांचे, पैसे यायला लागले की करा, आणि तेव्हाही अर्ज एकट्याच्या नावाने टाकू नका, संयुक्त मालकीची सोय कायद्यात आहे.

ते एक पान लिहून झालं की मला पाठव, मी वाचून देतो. संध्याकाळी सातनंतर कधीही फोन कर.

तुझा,
दादा