विमानाचं इंधन की गावची हवा?

पत्र: "नमस्कार सर. मी बारावी सायन्सला आहे, गणित आणि बायोलॉजी दोन्ही घेतलंय. आमचं घर गोव्यात पेडणे तालुक्यात, मोपा विमानतळाच्या पठाराच्या पायथ्याशी. विमानं डोक्यावरून जातात, रात्री आजी दचकून उठते. पप्पांची टॅक्सी आहे. ते म्हणतात, म्हापशाला एअरपोर्टचा डिप्लोमा कर, वर्षभरात नोकरी लागेल. मला मात्र विमानाच्या हिरव्या इंधनात, एसएएफमध्ये (सस्टेनेबल एव्हिएशन फ्युएल), काम करायचंय. त्यानं 80 टक्के कार्बन कमी होतो असं वाचलं. मग आमच्या गावाचा त्रासही कमी होईल ना? केमिस्ट्री आवडते, गणिताची धास्ती आहे. कुठे शिकू?"

उत्तर:

कुठे शिकायचं ते सांगणं सोपं आहे. त्याआधीचा प्रश्न, गावाचा त्रास कमी होईल का, तो जरा अवघड आहे. आणि तुझं करिअर त्याच्याच उत्तरावर ठरणार आहे, म्हणून आधी तो घेऊ.

आजीची झोप या इंधनानं सुधारणार नाही. इंजिन तेच, विमान तेच, त्यामुळे आवाजही तोच. आवाज कमी करायचा तर रात्रीच्या वेळा, उतरायचा मार्ग, नवी इंजिनं यांवर काम करावं लागतं आणि तो वेगळाच विषय आहे.

आता कार्बन. साधं जेट इंधन एक किलो जळलं की सुमारे 3.16 किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. एसएएफ जाळलं तरी इंजिनाच्या मागून जवळपास तेवढाच पडतो. मग 80 टक्के कुठून आले? तो कार्बन जमिनीखालून उपसलेला नसतो. काही महिन्यांपूर्वी उसानं किंवा तेलबियांनी हवेतूनच घेतलेला असतो, म्हणून शेतापासून उड्डाणापर्यंतचा सगळा हिशेब मांडला की बचत दिसते. त्यातही 80 ही वरची मर्यादा आहे. कच्चा माल काय, हायड्रोजन कुठून आणला, जमीन मोकळी करायला जंगल तोडलं का, यावर आकडा बराच खाली येऊ शकतो. ही बचत जगाच्या हवामानाच्या खात्यात जमा होते. ती पेडण्याची म्हणून वेगळी मोजता येत नाही.

गावाला थेट मिळू शकतं ते एकच, कमी काजळी. साध्या जेट इंधनात ॲरोमॅटिक, म्हणजे कड्याच्या आकाराची, संयुगं असतात आणि काजळीचे अतिसूक्ष्म कण मुख्यतः त्यांच्यातून तयार होतात. एसएएफमध्ये ती जवळजवळ नसतात, गंधकही नसतो. जर्मनीची अंतराळ आणि विमान संशोधन संस्था डीएलआर आणि अमेरिकेची नासा यांनी मिळून उड्डाणात केलेली मोजणी 2021 मध्ये प्रसिद्ध झाली. साध्या इंधनात एसएएफ मिसळलेल्या मिश्रणांमुळे काजळी आणि विमानामागच्या पांढऱ्या रेषेतले बर्फाचे कण 50 ते 70 टक्क्यांनी घटले होते. त्या रेषाही हवामान तापवतात, म्हणजे हा फायदा दुहेरी. पण त्या मिश्रणात एसएएफचा वाटा भरपूर होता. एसएएफ मिसळण्याचं आपल्या देशाचं लक्ष्य 2027 मध्ये 1 टक्का, 2028 मध्ये 2 आणि 2030 मध्ये 5 टक्के आहे, तेही फक्त आंतरराष्ट्रीय उड्डाणांसाठी. मोपावर उतरणारी बहुतेक विमानं मुंबई, दिल्ली, बेंगळुरूची. तेव्हा पुढच्या काही वर्षांत एसएएफमुळे तुमच्या अंगणातली हवा बदलेल असं मी तुला सांगणार नाही. उभ्या विमानाला विजेची जोडणी देणं, म्हणजे त्याचं शेपटाकडचं छोटं इंजिन बंद ठेवता येतं, आणि धावपट्टीजवळची वाहनं विजेवर आणणं, यांचा तुमच्या हवेवर लवकर परिणाम होईल. या दोन गोष्टींबद्दल कोणी फारसं लिहीत नाही, कारण त्यात चमक नाही.

तेव्हा आधी हे ठरव, तुला नेमकं काय टोचतं? जगाचं तापमान की गावची हवा? दोन्ही टोचत असेल तर उत्तमच, पण शिक्षणाचे रस्ते दोन आहेत आणि पहिली तीन-चार वर्षं एकच धरावा लागेल.

पहिला रस्ता इंधनाचा. यात विमान फारच थोडं आहे, सगळी केमिस्ट्री आहे. सध्या सर्वांत चालणारी पद्धत म्हणजे वापरलेलं तेल किंवा चरबी घ्यायची, उत्प्रेरकावर हायड्रोजनची प्रक्रिया करून त्यातला ऑक्सिजन काढायचा. उरतात सरळसोट हायड्रोकार्बन साखळ्या. पण तेवढ्यावर ते इंधन विमानात घालता येत नाही. थंडीत सकाळी बाटलीतलं खोबरेल कसं गोठून बसतं ते तू घरी बघतेसच. सरळ साखळ्या एकमेकींना चिकटून रांगेत बसल्या की तेच होतं. विमानाला लागणाऱ्या जेट ए-1 इंधनाचा गोठणबिंदू उणे 47 अंश किंवा त्याहून खाली असावा लागतो. म्हणून त्या साखळ्यांना फांद्या फोडाव्या लागतात, म्हणजे त्या नीट रचून बसत नाहीत. हे वाचताना तुला 'अरे, हे तर ऑरगॅनिकचं' असं वाटलं असेल, तर तू योग्य दारात उभी आहेस.

दुसरी पद्धत इथेनॉलपासून. पाणी काढून इथिलीन, इथिलीनचे रेणू जोडून लांब साखळ्या, मग हायड्रोजन. इथे कोणीतरी हमखास विचारतं, मग काजूच्या बोंडूंपासून का नाही? शास्त्र आड येत नाही, पण फेणीला बाटलीत जो भाव मिळतो तो इंधनाच्या टाकीत कधीच मिळणार नाही. ऊस हा पर्याय खरा, पण संजीवनी साखर कारखाना बंद पडल्यापासून धारबांदोड्याकडच्या ऊस शेतकऱ्यांची काय अवस्था झाली ते पेपरात वाचतेसच. शिवाय इथेनॉलला पेट्रोलमध्ये आधीच गिऱ्हाईक आहे.

देशात हे काम कुठे चालतं ते लक्षात ठेव, कारण तुझे भावी मालक किंवा गुरू तिथेच असतील. डेहराडूनच्या भारतीय पेट्रोलियम संस्थेनं जट्रोफा या झुडपाच्या बियांपासून बनवलेल्या इंधनाचं मिश्रण घेऊन ऑगस्ट 2018 मध्ये स्पाइसजेटचं विमान डेहराडूनहून दिल्लीला गेलं. पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीज आणि इंडियन ऑइलच्या इंधनाचं मिश्रण घेऊन मे 2023 मध्ये एअर एशियाचं विमान पुण्याहून दिल्लीला उडालं. इंडियन ऑइलच्या पानिपत रिफायनरीला 2025 मध्ये वापरलेल्या तेलापासून एसएएफ बनवण्याचं आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळालं. यातलं एकही ठिकाण गोव्यात नाही. घर सोडायची तयारी आहे का, हे पप्पांशी आत्ताच बोल. निकालानंतर रडारड नको.

शिक्षणासाठी माझी पहिली पसंती मुंबईत माटुंग्याची इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी. तिथे केमिकल इंजिनिअरिंग आहेच, पण तेलं आणि ओलिओकेमिकल्स (तेला-चरबीपासूनची रसायनं) यांचं स्वतंत्र बी.टेक.ही आहे. त्याचं नाव ऐकून मुलं नाक मुरडतात. तुझ्या कामासाठी मात्र ते अगदी नेमकं आहे. गोव्यातल्या मुलांना तिथे अखिल भारतीय जागांसाठी जेईई मेनचे गुण लागतात. केमिकल इंजिनिअरिंग सुरतकलच्या एनआयटीतही आहे, आणि झुआरीनगरच्या बिट्समध्ये आहे. बिट्सची प्रवेश परीक्षा वेगळी आणि फी भरमसाट, तेव्हा शिष्यवृत्तीची चौकशी आधी कर.

गणिताची धास्ती खरीच असेल तर इंजिनिअरिंगच्या मागे धावू नकोस. आसगाव किंवा खांडोळ्याला केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी., मग गोवा विद्यापीठात एम.एस्सी., ॲनालिटिकल विषय घेतलास तर छानच. इंधनाची चाचणी हे कायमचं काम आहे, एसएएफ चालो वा न चालो. तपासनीस काचेच्या भांड्यात इंधनाचा नमुना घेतो, उजेडात धरतो. स्वच्छ, चकचकीत दिसलं पाहिजे. मग सिरिंजला लावलेल्या छोट्या कॅप्सूलमधून थोडं इंधन खेचतो. कॅप्सूलमधल्या पिवळ्या कागदाचा रंग हिरवट झाला तर इंधनात पाणी आहे, टँकर परत. नवं इंधन आलं की प्रयोगशाळेत आणखी चाचण्या वाढतात. एसएएफ मिसळल्यावरही ॲरोमॅटिक किमान 8 टक्के उरावे लागतात, नाहीतर जुन्या रबरी सीलांना हवी तेवढी फुग राहत नाही आणि गळती सुरू होते. म्हणूनच आज मिश्रणाची परवानगी जास्तीत जास्त 50 टक्क्यांपर्यंत आहे.

पप्पांना हे वाचून दाखव. विमानतळावर नोकरी हवी हे त्यांचं म्हणणं चुकीचं नाही, इंधन डेपोतला क्वालिटी कंट्रोलही विमानतळावरच असतो. फक्त तिथे केमिस्ट्रीची पदवी विचारतात. म्हापशाच्या डिप्लोमाबद्दल एवढंच, फी भरण्याआधी गेल्या वर्षीच्या चार मुलांना भेटा आणि कुठल्या पदावर, किती पगारावर लागली ते विचारा. संस्थेच्या भिंतीवरचे फोटो बघून ठरवू नका.

बायोलॉजी आवडतं त्या मुलांसाठी एक कोपरा आहे, कच्च्या मालाचा हिशेब. तळणीच्या तेलात पोलर घटक, म्हणजे पुन्हापुन्हा तापवून तयार होणारी खराब संयुगं, 25 टक्क्यांवर गेले की ते पुन्हा वापरायचं नाही असा एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, नियम 2018 पासून आहे. आपल्याकडे कळंगुटपासून काणकोणपर्यंत शॅक आणि हॉटेलं, तेल भरपूर. ते गोळा कोण करतं, कुठे जातं, कागदावर दाखवलेलं तेल खरंच वापरलेलं आहे की ताजं पाम तेलच 'वापरलेलं' म्हणून खपवलं जातंय, हे तपासणारे लोक लागतात. युरोपात या फसवणुकीचा संशय मोठा आहे. प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थांना फूड टेक्नॉलॉजी, पर्यावरणशास्त्र, अगदी कॉमर्सचीही मुलं चालतात.

दुसरा रस्ता गावच्या हवेचा. त्यासाठी पर्यावरणशास्त्र किंवा पर्यावरण अभियांत्रिकी, नाहीतर कायदा. कायद्याचं नाव ऐकून दचकू नकोस. मोपाचीच पर्यावरण मंजुरी सर्वोच्च न्यायालयानं मार्च 2019 मध्ये स्थगित केली होती, कारण आसपासच्या जंगलांसारखी माहिती अर्जात नीट दिलेली नव्हती. जानेवारी 2020 मध्ये स्थगिती उठली, पण अटींवर देखरेखीचं काम नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेकडे सोपवून. ते अहवाल वाचू शकणारं, आवाजाचं आणि कणांचं मोजमाप समजणारं माणूस तुमच्या पंचायतीत आहे का? प्रदूषण नियंत्रण मंडळात, सल्लागार कंपन्यांत, नीरीसारख्या संस्थांत अशा लोकांना जागा असतात. पगार रिफायनरीपेक्षा कमी, हेही आत्ताच ऐकून ठेव.

माझा कौल विचारशील तर पत्रावरून मला तू पहिल्या रस्त्याची वाटतेस. 80 टक्क्यांच्या आकड्यानं तुझे डोळे चमकलेत आणि केमिस्ट्री आवडते. पण 'एसएएफमध्येच' असा हट्ट धरू नकोस. 2024 मध्ये जगात हे इंधन सुमारे दहा लाख टन बनलं, ते एकूण जेट इंधनाच्या 0.3 टक्के. किंमत साध्याच्या दुप्पट ते पाचपट. सरकारी नियम सैल झाले तर हे काम दहा वर्षं रेंगाळू शकतं. हायड्रोजन, उत्प्रेरक, इंधन चाचणी शिकलेली मुलगी मात्र खतांत, औषधांत, रंगांतही खपते.

आत्ता करायचं ते इतकंच. जेईई मेनचा फॉर्म भर, भीती असली तरी. गणितात वेक्टर आणि कॅल्क्युलसपुरती एखाद्या सरांची शिकवणी लाव, बाकी तुझं तू करशील. शाळेच्या कँटीनवाल्याला सहज विचार, तळून उरलेलं तेल कोणाला देतो आणि किती रुपये किलोनं. गोव्यातल्या प्रवेशाच्या तारखा आणि अटी बदलत राहतात, त्या तंत्रशिक्षण संचालनालयाच्या माहितीपुस्तिकेतच बघ, व्हॉट्सॲपवरच्या निरोपावर जाऊ नकोस. जेईईच्या पहिल्या सत्राचा निकाल लागला की गुण कळव. कमी पडले तर बी.एस्सी.कडून एम.एस्सी.पर्यंत कसं जायचं ते तेव्हा पप्पांना सोबत घेऊन ठरवू.