आईची केमो आणि जर्मनीतले सेवावर्ष : तुझ्या प्रश्नाचे उत्तर

तू लिहिले आहेस की आईला स्तनाचा कर्करोग असल्याचे महिन्यापूर्वी कळले, परळच्या टाटा रुग्णालयात केमोचा पहिला डोस झाला आहे, आणि १ सप्टेंबरपासून जर्मनीतील एका वृद्धाश्रमात वर्षभर स्वयंसेवक म्हणून रुजू होण्याचे पत्र हातात आहे, तर जावे की नाही. बाबा जा म्हणतात, आत्या म्हणतात की अशा वेळी मुलगी घराबाहेर पडतेच कशी. आणि मध्येच परत येता येईल का, एकटेपणा कसा सोसायचा, हेही तू विचारले आहेस. रात्रपाळीहून आल्यावर मी हे वाचले आणि मग झोप लागली नाही, कारण २०१२ च्या सप्टेंबरमध्ये मी नेमकी अशीच, आईच्या दुसऱ्या डोसनंतर सहा दिवसांनी, मुंबईहून विमानात बसले होते. तू माझ्यापेक्षा बरीच लहान आहेस, म्हणून एकेरीत लिहिते.

हातखर्च किती मिळतो, विमा कोण भरतो, भाषेची कोणती परीक्षा लागते, प्रशिक्षणाचे पंचवीस दिवस कसे असतात, हे अधिकृत माहितीत नीट दिलेले असते आणि तू ते वाचलेच असशील. त्यात मी पडत नाही.

आधी आईच्या उपचारांचे वेळापत्रक तारखांसह डॉक्टरांकडून लिहून घे. ‘सहा-आठ महिने चालेल’ एवढ्यावर समाधान मानू नकोस. स्तनाच्या कर्करोगात पुष्कळदा आधी दर तीन आठवड्यांनी चार डोस, मग दर आठवड्याला एक असे बारा डोस, आणि त्याच्या आधी किंवा नंतर शस्त्रक्रिया असा क्रम असतो. त्यानंतर लाईट, म्हणजे रेडिएशन, हल्ली बहुधा तीन आठवड्यांत पंधरा वेळा. गाठीचा अहवाल हर-टू पॉझिटिव्ह असेल, म्हणजे गाठीत हर-टू हे प्रथिन जास्त सापडले असेल, तर ट्रॅस्टुझुमॅबची इंजेक्शने तीन-तीन आठवड्यांनी वर्षभर चालतात, आणि हार्मोनच्या गोळ्या असतील तर त्या पाच वर्षे किंवा त्याहून जास्त. ‘उपचार संपले की जाईन’ असे ठरवणाऱ्याला ते संपल्याचा दिवस कधी सापडतच नाही, हे मी त्या वर्षी ओळखले नव्हते. मात्र त्यातले टप्पे वेगवेगळे असतात. तीन आठवड्यांच्या चक्रात साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात काउंट, म्हणजे रक्तातल्या पांढऱ्या पेशी, सर्वांत खाली येतात, आणि त्या दिवसांत १००.४ किंवा त्याहून जास्त ताप चढला तर सकाळची वाट न बघता, रात्री दोन वाजले असले तरी, रुग्णालय गाठावे लागते. तेव्हा स्वयंपाकाला कोण आहे हा प्रश्न दुय्यम आहे. त्या आठ दिवसांत रात्री गाडी कोण काढणार आणि फाईल कुठे ठेवली आहे हे कोणाला ठाऊक आहे, हे विचार. आमच्याकडे बाबा आईला घेऊन दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत राहत होते, भाऊ बारावीला होता, आणि मी हा प्रश्न कोणालाच विचारला नाही. सप्टेंबरऐवजी जानेवारीत आले तर चालेल का, हेही मी संस्थेला विचारले नाही. सरकारी योजनेतले हे वर्ष कोणत्याही महिन्यात सुरू होऊ शकते. संस्थेची तयारी असली की झाले. तू विचार.

आता परत येण्याविषयी. रजा साधारण चार आठवड्यांची असते, तेवढ्यात एक फेरी होते. तिकिटाचे पैसे निघण्यापूर्वीच वेगळे काढून ठेव आणि त्यांना हात लावू नकोस. पण माणूस पैशापेक्षा कागदावर अडतो. माझा व्हिसा तीन महिन्यांचा होता आणि तो संपेपर्यंत इथल्या, म्हणजे जर्मनीतल्या, परदेशी लोकांच्या कार्यालयाने राहण्याचा परवाना बनवलाच नाही. चार वेळा पहाटे रांगेत उभी राहिले, दर वेळी एक नवीन कागद कमी निघाला, आणि शेवटी त्यांनी एक तात्पुरता घडीचा दाखला हातात ठेवला, ज्याला इथे फिक्त्सिओन्सबेशाइनिगुंग म्हणतात. फेब्रुवारीत आईची शस्त्रक्रिया ठरली. कार्यालयात खिडकीमागच्या बाईंनी ‘परवान्याचे कार्ड येईपर्यंत थांबा’ एवढेच सांगितले आणि मी थांबले. कार्ड एप्रिलमध्ये आले. पुढे दुसऱ्या एका मुलीचे कागद बघताना मला कळले की त्या दाखल्याच्या आत तीन चौकटी असतात, आणि तिसऱ्या चौकटीत खूण असेल, म्हणजे परदेशी लोकांच्या वास्तव्याच्या कायद्याच्या कलम ८१ च्या चौथ्या पोटकलमाखाली तो दिलेला असेल, तर त्यावर देशाबाहेर जाऊन परत येता येते. घरी येऊन माझा जुना दाखला काढला. खूण तिसऱ्या चौकटीत होती.

त्या बाईंवर मी बरीच वर्षे राग धरला. पण कागद माझ्या हातात होता, तोपर्यंत मला तेवढे जर्मन वाचता येत होते, आणि मी तो वाचला नाही. मला आईच्या त्या खोलीत जायचे नव्हते. निघताना विमानात बसल्यावर मला सुटल्यासारखे वाटले होते, हे मी आजवर कोणाला सांगितलेले नाही. सेवा करायला जाते आहे असे सगळ्यांना सांगत मी माझ्याच घरातली सेवा टाळून आले होते का, याचे उत्तर मला अजून देता येत नाही. तू तशी आहेस असे मी म्हणत नाही. फक्त स्वतःला एकदा विचारून बघ, आणि उत्तर ‘हो’ आले तर घाबरू नकोस, कारण तेवीस वर्षांच्या मुलीला भीती वाटणे हा गुन्हा नाही.

घरचे तुला खरे सांगणार नाहीत, हे मात्र धरून चाल. आई फोनवर ‘छान आहे गं’ म्हणायची. व्हिडिओवर डोक्यावरून पदर घ्यायची आणि फोन असा धरायची की मागची भिंत जास्त दिसे. त्या भिंतीवर आरसा होता आणि आरशाखालच्या खिळ्याला तिची लाकडी फणी अडकवलेली असायची. ऑक्टोबरच्या एका रविवारी तो खिळा रिकामा दिसला. मी काही विचारले नाही, तीही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळपाळीला मी एका नव्वदीच्या आजींचे केस विंचरत होते, ते पांढरे आणि दाट होते, आणि माझा हात चालेना. म्हणून निघण्यापूर्वी घरातल्या एका माणसाशी ठरव, भाऊ असो की मावशी, की डोस पुढे ढकलला, ताप आला, काहीही झाले, तर त्याच दिवशी तुला कळले पाहिजे.

एकटेपणाचे काय, तो येतो आणि कामात जिरतो. हिवाळ्यात भारत साडेचार तास पुढे असतो. सकाळपाळी दोनला सुटली की तिकडे साडेसहा, दिवेलागण. तेव्हा फोन कर. त्याहून जास्त विचार त्याचा करू नकोस.

एकच वर्ष जाते आहे, असे तू लिहिले आहेस. मीही तसेच म्हटले होते. पुढे परिचर्येचे प्रशिक्षण, नोकरी, लग्न, मुलगा असे होत बव्हेरियातच राहिले. बारा वर्षांनी, २०२४ च्या डिसेंबरमध्ये, आईचा आजार हाडांत उलटला, आणि या वेळी मी गेले, सात आठवडे राहिले. मुलगा चौथीत होता. इथे शाळा चालू असताना मुलाला सोबत नेता येत नाही, आणि इथे चौथीच्या मेमधल्या दाखल्यावर मुलाची पुढची शाळा ठरते : जर्मन, गणित आणि परिसर अभ्यास या तीन विषयांची सरासरी २.३३ पर्यंत असेल तर गिम्नाझियुम, म्हणजे विद्यापीठाकडे नेणारी शाळा, त्यापुढे २.६६ पर्यंत रेआलशूले, म्हणजे दहावीपर्यंतची मधली शाळा. इथे आकडा जितका लहान, तितके गुण चांगले. माझ्या मुलाला गणितात दोन आणि बाकी दोन्हींत तीन मिळाले, म्हणजे सरासरी २.६६, रेआलशूले. एका विषयातली एक पायरी. त्या हिवाळ्यात त्याला जर्मन निबंध शिकवायला घरात मी नव्हते. आजी आजारी आहे हे मी त्याच्या वर्गाच्या बाईंना लेखी कळवले होते, आणि उत्तर आले की मूल्यमापन सर्वांना सारखे असते. पुढे वाट बदलता येते हे मला माहीत आहे, तो आनंदात आहे हेही दिसते, तरी तो आकडा मनातून जात नाही. मात्र ते सात आठवडे मी परत देणार नाही. आईच्या पायाला तेल लावताना ती एकदा म्हणाली, ‘तेव्हा तू आली नाहीस ते बरेच झाले, फार वाईट दिसत होते मी.’ हे मला बरे वाटावे म्हणून होते की खरे, ते मी विचारू शकले नाही.

तुझे पत्र मी तीनदा वाचले. बाबा काय म्हणतात ते त्यात आहे, आत्यांचे आहे, संस्थेचेही आहे. आई काय म्हणते ते कुठेच नाही. तिला विचार, पण डोसनंतरच्या पहिल्या आठवड्यात नको, तेव्हा ती तुला केवळ ‘जा’ म्हणेल. तिसऱ्या आठवड्यात तोंडाला थोडी चव येते, माणूस उठून स्वयंपाकघरात येऊन बसतो. तेव्हा दार लावून घे आणि घरात दुसरे कोणी नसताना विचार.